भिंतीवरचा खण : स्वस्त घरगुती सजावटीसाठी तीन कापडांचे परीक्षण

खणाचे कापड लाकडी चौकटीवर ताणून भिंतीवर लावणे हा चित्रकला न येणाऱ्या माणसालाही घरच्या घरी आणि थोड्या पैशांत जमणाऱ्या भित्तिसजावटीचा सर्वांत चांगला प्रकार आहे, असे माझे मत गेल्या काही वर्षांत पक्के झाले आहे. या मताला एक अट मात्र आहे. बाजारात खण म्हणून विकले जाणारे प्रत्येक कापड त्या लायकीचे नसते, आणि चांगले कापड हाती आले तरी ते डिंकाने पुठ्ठ्यावर चिकटवले की त्याची सगळी शोभा वाया जाते. म्हणून पुण्याच्या बाजारात सहज मिळणाऱ्या तीन प्रकारच्या खणांची येथे तुलना केली आहे. चौकट, भरतकामाची रिंग, फ्रेमवाल्याकडची काच आणि तयार मिळणाऱ्या खणाच्या फ्रेमा यांच्याविषयीही लिहिले आहे, कारण भिंतीवर लावायच्या कापडाचा विचार त्याच्या आधारापासून वेगळा करता येत नाही.

खण महाराष्ट्रात घरोघरी ओळखीचा असला, तरी त्याचे माहेर कर्नाटकात आहे. बागलकोट जिल्ह्यात बदामीजवळ गुळेदगुड्ड नावाचे गाव आहे आणि तिथल्या विणकरांनी खड्डा-मागावर विणलेल्या चोळीच्या कापडाला खण म्हणून प्रतिष्ठा मिळाली. त्याच जिल्ह्यातल्या इलकलची साडी आणि गुळेदगुड्डचा खण ही जोडी दोन्ही राज्यांतल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या अंगावर वागवली. देवीच्या ओटीत नारळाबरोबर खण असतो, लेक माहेरी आली की तिला खण दिला जातो, आणि त्यामुळे बहुतेक मराठी घरांत कपाटाच्या वरच्या कप्प्यात न शिवलेल्या, घड्या न मोडलेल्या खणांची एक चळत साठलेली असते. ही चळत म्हणजे आपल्या कामाचा पहिला आणि पूर्णपणे फुकट साठा आहे, म्हणून बाजारात जाण्याआधी तो उघडून पाहावा.

भिंतीवर लावण्यासाठी हेच कापड इतके योग्य का ठरते, याचे कारण त्याच्या विणीत आहे. खणात उभे आणि आडवे धागे बहुधा वेगवेगळ्या रंगांचे असतात, त्यामुळे समोरून जांभळे दिसणारे कापड बाजूने पाहिले की डाळिंबी भासते, आणि खिडकीतून येणारा उजेड दिवसभरात जसा सरकतो तसा त्याचा रंगही बदलत राहतो. कागदावर छापलेल्या चित्रात हा गुण कधीच येत नाही. दुसरे म्हणजे, नक्षीसाठी उभ्या दिशेने जादा धागे घातलेले असतात आणि ते जिथे पृष्ठभागावर येतात तिथे बुट्टी किंचित उठून दिसते, त्यामुळे कापडाला उजेड-सावलीचा अगदी सूक्ष्म उठाव मिळतो. तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. खणाची बुट्टी फार लहान असते आणि ती ठरावीक अंतरावर येत राहते, त्यामुळे वीतभर तुकडाही अपुरा वाटत नाही. पैठणीचा पदर कापला तर मोर अर्धा राहतो, बांधणीचा तुकडा कापला तर वर्तुळ तुटते. खणाच्या आठ इंची तुकड्यात मात्र नक्षीच्या अनेक ओळी पूर्ण बसतात.

आता कापडांकडे वळू.

पहिला प्रकार हातमागाचा. यात पूर्वी रेशमाचा उभा आणि सुताचा आडवा धागा असे. आता मर्सराइज्ड, म्हणजे प्रक्रिया करून चकाकी आणलेले सूत आणि कृत्रिम रेशीमही वापरले जाते, पण वीण तीच असते. याचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, कमी, साधारण 30 इंचांच्या आसपास असतो आणि दोन्ही कडांना विणलेला काठ असतो. कापड हातात घेतल्यावर त्याचे वजन जाणवते, मुठीत दाबून सोडले तर चुणी पडते पण कडक मोडल्यासारखी दिसत नाही, आणि उलट बाजूला नक्षीचे जादा धागे लांबीच्या दिशेने धावताना स्पष्ट दिसतात. बुट्ट्यांच्या ओळी अगदी यंत्रासारख्या काटेकोर नसतात, क्वचित एखादी ओळ किंचित सैल किंवा घट्ट पडलेली असते, आणि चौकटीवर ताणल्यावर त्याच सूक्ष्म फरकामुळे कापड सजीव दिसते. रथ, सूर्य, नागमोडी वळण अशा पारंपरिक नक्ष्या याच प्रकारात चांगल्या मिळतात. किंमत मीटरला चारशे रुपयांपासून पुढे जाते आणि रेशमाचे प्रमाण वाढेल तशी ती वाढते. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावरच्या जुन्या कापड दुकानांत मागितल्यास हे कापड काढून दाखवतात, पण ते सहसा दर्शनी भागात मांडलेले नसते. हातमागाच्या प्रदर्शनांत विणकर स्वतः आलेले असतात; तिथे निवड अधिक मोठी असते आणि कोणता धागा वापरला आहे याचे सरळ उत्तर मिळते.

दुसरा प्रकार यंत्रमागाच्या सुती किंवा सुताचे प्रमाण जास्त असलेल्या खणाचा आहे. याचा पन्हा पुष्कळदा मोठा असतो, काठ कधी एकाच बाजूला तर कधी दोन्ही बाजूंना येतो, आणि मीटरचा भाव दोनशे ते तीनशे रुपयांच्या दरम्यान असतो. रंगांची निवड येथे सर्वांत मोठी आहे : चिंतामणी, मोरपंखी, अंजिरी, राणी, पोपटी, आंब्याचा पिवळा, आणि अलीकडे राखाडी व फिकट गुलाबी असे पूर्वी खणात न दिसणारे रंगही. उजेडाबरोबर रंग बदलण्याचा गुण यात असतो, जरी हातमागाइतका खोल नसला तरी. पहिल्यांदाच हे काम करून पाहणाऱ्याने याच कापडापासून सुरुवात करावी, असे मी आग्रहाने सांगेन. ते ताणायला सोपे जाते, ओलसर करून बसवले तर वाळताना आणखी घट्ट होते, आणि कापताना चूक झाली तरी खिशाला फार झळ बसत नाही.

तिसरा प्रकार पॉलिएस्टरच्या खणाचा. आज तयार शिवलेल्या वस्तूंत, तोरणांत, बटव्यांत आणि देवळांबाहेरच्या ओटीच्या ताटांत मुख्यतः हाच दिसतो. तो मीटरला शंभर रुपयांच्या आसपास मिळतो, चुरगळत नाही, रंग सोडत नाही आणि धुतला तर आटतही नाही. शिवणकामासाठी हे गुण असतील. भिंतीसाठी मात्र मी त्याची शिफारस करणार नाही. त्याची चकाकी सगळीकडे सारखी असते, त्यामुळे विजेच्या दिव्याखाली नक्षी दिसेनाशी होते आणि नुसता उजेडाचा डाग उरतो. चौकटीच्या कोपऱ्यांवर घडी घालताना तो फुगतो, दाबून बसत नाही, आणि पाणी मारून घट्ट करण्याची युक्ती त्याच्यावर चालत नाही. ओटीत मिळालेले खण बहुधा याच प्रकारचे आणि फार विरळ विणीचे असतात. त्यांच्याशी आठवण जोडलेली असेल तर ते जरूर लावावेत, पण त्यांच्यामागे मांजरपाटाचे, म्हणजे साध्या जाडसर सुती कापडाचे, अस्तर घातल्याशिवाय लावू नयेत, कारण मागच्या फळीचा रंग पुढे दिसतो.

दुकानदार तिन्ही प्रकारांना प्युअर कॉटन म्हणतो, हा अनुभव अनेकांना येतो. खात्री करण्याचा सोपा मार्ग असा की कडेचे दोन धागे, एक उभा आणि एक आडवा, ओढून घ्यावेत आणि घरी आल्यावर चिमट्यात धरून पेटवून पाहावेत. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची मऊ राख होते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि उरलेला काळा कण बोटांनी चुरडता येतो. पॉलिएस्टर आक्रसून वितळते आणि त्याचा कडक मणी तयार होतो. उभा धागा एका जातीचा आणि आडवा दुसऱ्या जातीचा निघणे अगदी शक्य आहे, म्हणून दोन्ही तपासावेत. या परीक्षेसाठी आधी पाव मीटर कापड घ्यावे आणि मग मोठी खरेदी करावी.

रंग पक्का आहे की नाही, हेही त्याच तुकड्यावर पाहून घ्यावे. पांढरा सुती रुमाल ओला करून पिळून घ्यावा आणि कापडाच्या उलट बाजूवर घासावा. लाल, डाळिंबी आणि गडद हिरव्या रंगांत रुमालावर डाग येण्याची शक्यता जास्त असते. डाग आला म्हणून कापड बाद होत नाही. फक्त ते ओलसर न करता कोरडेच ताणावे लागते, आणि त्याच्याशेजारी फिकट रंगाचा तुकडा जोडता येत नाही.

ताणण्याच्या कामासाठी कलासाहित्याच्या दुकानात मिळणारा तयार ताणलेला कॅनव्हास सर्वांत सोयीचा आहे. आठ बाय दहा इंचांचा साधा कॅनव्हास शंभर रुपयांच्या आसपास मिळतो, त्याची लाकडी चौकट हलकी व काटकोनात असते, आणि वरचे पांढरे कापड आपोआप अस्तराचे काम करते. अप्पा बळवंत चौकाच्या परिसरातल्या दुकानांत हे कॅनव्हास सर्व आकारांत मिळतात. घेताना चौकट सपाट मेजावर ठेवून चारही कोपरे टेकतात का ते पाहावे, कारण पिळलेल्या चौकटीवर कितीही काळजीने बसवलेले कापड तिरकेच दिसते. घरात जुन्या फोटोफ्रेमा असतील तर त्यांच्या मागची फळीही चालते, मात्र त्या फळीवर आणि पुठ्ठ्यावर कापड थेट ठेवू नये. लगद्याच्या फळीतले आम्ल काही वर्षांत कापडावर पिवळट छटा आणते, म्हणून मध्ये धुतलेल्या मांजरपाटाचा एक थर हवाच.

कापडाचे गणित बसवले तर एका मीटरमध्ये पुष्कळ काम होते. 30 इंची पन्ह्याच्या एक मीटर कापडातून चारही बाजूंना दोन इंचांची मुडप धरून आठ बाय दहाचे सहा तुकडे निघतात, आणि सहाही तुकड्यांना एका बाजूने काठ मिळतो. अडचण एवढीच की काठ कापडाच्या अगदी कडेला असतो, आणि मुडपीसाठी दोन इंच मागे वळवले की नेमका तोच मागे जाऊन दिसेनासा होतो. यावर उपाय सोपा आहे, पण तयार फ्रेमा विकणारे त्याचा विचार करत नाहीत असे दिसते. काठाच्या बाहेरच्या कडेला मांजरपाटाची दोन-अडीच इंचांची पट्टी हातशिलाईने जोडावी आणि मागे वळवून ठोकण्यासाठी ती पट्टी वापरावी. काठ पूर्णपणे पुढे राहतो, शिलाई चौकटीच्या धारेवर येते आणि समोरून दिसत नाही. या एका पट्टीने खणाच्या चौकटीचे रूप पालटते, कारण काठामुळे नक्षीला शेवट मिळतो. काठाशिवाय ताणलेला खण हा केवळ कापडाचा नमुना वाटतो.

काठ खाली घ्यावा की बाजूला, हे नक्षी पाहून ठरवावे. चौकोनी, ठिपक्यांची किंवा चांदणीसारखी बुट्टी कोणत्याही दिशेने चालते. रथासारखी वर-खाली दिशा असलेली नक्षी असेल तर काठ उभाच ठेवावा, नाहीतर रथ आडवे पडतात.

प्रत्यक्ष बसवताना कापड आधी उलट बाजूने इस्त्री करावे. सुती खणावर पाण्याचा हलका फवारा मारावा आणि मगच ताणायला घ्यावे. पहिली पिन वरच्या बाजूच्या मध्यावर, दुसरी खालच्या बाजूच्या मध्यावर, मग डाव्या-उजव्या बाजूंच्या मध्यांवर, आणि तिथून समोरासमोरच्या बाजू आलटून पालटून घेत कोपऱ्यांकडे जावे. एकाच बाजूने ओळीने पिना मारत गेले की कापड सरकते आणि बुट्ट्यांच्या ओळी कमानीसारख्या वाकतात. प्रत्येक दोन पिनांनंतर चौकट उलटून बुट्टीची ओळ लाकडाच्या धारेशी समांतर आहे का ते पाहावे. हे काम कंटाळवाणे आहे आणि ते टाळू नये, कारण खणात ओळी इतक्या जवळजवळ असतात की पाव इंचाचा तिरकेपणाही खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसतो. पिना मारण्याचे हाती दाबायचे यंत्र (स्टेपल गन) चारशे-पाचशे रुपयांत मिळते. ते घ्यायचे नसेल तर बारीक चुका (छोटे खिळे) आणि छोटी हातोडी पुरते, फक्त चुका पूर्ण ठोकण्याआधी अर्ध्या ठोकून सगळा ताण तपासावा. कोपऱ्यांवरचे जादा कापड कापून टाकू नये, पाकिटासारखी घडी घालून मागे दाबावे.

डिंकाला माझा विरोध का आहे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. पांढरा डिंक पाण्यात कालवलेला असतो. तो खणाच्या मोकळ्या विणीतून वर येतो आणि वाळल्यावर पुढच्या बाजूला चकचकीत ठिपके सोडतो, जे काही केल्या निघत नाहीत. कच्चा रंग त्या ओलाव्याने पसरतो. आणि मुख्य म्हणजे चिकटवलेले कापड पुन्हा काढता येत नाही. ताणलेला खण चार वर्षांनी काढून धुता येतो, दुसऱ्या रंगाचा लावता येतो, हवे तर त्याची उशीची खोळ शिवता येते. एका प्रदर्शनात मी घेतलेली तयार फ्रेम पहिल्याच पावसाळ्यात मधोमध फुगली, आणि मागचा कागद काढून पाहिला तेव्हा आत पॉलिएस्टरचा तुकडा फळीवर सबंध चिकटवलेला निघाला. तिची किंमत घरी करायच्या चौकटीच्या किमान चौपट होती. तयार वस्तू घेण्याला माझा सरसकट आक्षेप नाही, पण घेण्यापूर्वी मागची बाजू उघडून दाखवायला सांगावे, आणि विक्रेता नाही म्हणाला तर ती घेऊ नये.

भरतकामाच्या रिंगेत खण बसवण्याची पद्धत अलीकडे फार दिसते. तुळशीबागेत आणि बोहरी आळीत लाकडी रिंगा आकारानुसार चाळीस ते शंभर रुपयांत मिळतात, हत्यारे लागत नाहीत आणि काम पाऊण तासात होते, म्हणून मुलांबरोबर करण्यासाठी ही पद्धत उत्तम आहे. रिंग मात्र लाकडी किंवा बांबूचीच घ्यावी, प्लॅस्टिकची पकड थोड्याच दिवसांत ढिली होते. मला स्वतःला खणासाठी गोल आकार तितकासा पटत नाही. ज्या कापडाचे सगळे सौंदर्य सरळ ओळींत आणि सरळ काठात आहे, त्याला वर्तुळात बसवले की काठ धनुष्याच्या दोरीसारखा एका कडेला अडकून राहतो. काठ नसलेल्या, दाट आणि बारीक बुट्टीच्या तुकड्यासाठी रिंग चांगली दिसते; बाकीच्यांसाठी चौकटच घ्यावी.

याहून मोठा मतभेदाचा मुद्दा वरून चिकटवण्याच्या अलंकारांचा आहे. खणाच्या फ्रेमेवर मोत्यांची नथ, चंद्रकोर, आरसे, टिकल्या आणि सोनेरी अक्षरांतली नावे चिकटवण्याची पद्धत रूढ झाली आहे. आपल्याकडे भिंतीवरच्या चित्राला कापडाने आणि जरीने सजवण्याची परंपरा जुनी आहे, हे मला मान्य आहे. राजा रविवर्मा यांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि त्यातून निघालेल्या देवदेवतांच्या स्वस्त रंगीत छापांनी साध्या घरांतल्या भिंतींवरही चित्रे आणली. अनेक घरांतल्या हौशी हातांनी त्या छापांतल्या लक्ष्मी-सरस्वतींना खऱ्या कापडाची साडी, जरीचे काठ आणि टिकल्यांचे दागिने चढवले, आणि अशी सजवलेली चित्रे आज संग्राहक जपून ठेवतात. त्या कामात कापड आकृतीला नेसवलेले होते, ते तिचे वस्त्र होते, म्हणून ते शोभले. खणाच्या चौकटीत आकृती नसते. कापड हेच चित्र असते. त्याच्या मधोमध प्लॅस्टिकच्या मोत्यांची नथ चिकटवली की नजर नथीवर थांबते आणि ज्या विणकराने ओळीमागून ओळ बुट्टी भरली त्याचे काम मागचा पडदा होऊन बसते. मी ही चौकट कोरीच ठेवण्याच्या बाजूने आहे, आणि या बाबतीत माझे मत बदलण्यासारखे काही अजून पाहिलेले नाही.

फ्रेमवाल्याकडे जायचे की नाही, हे गावाच्या हवेवर अवलंबून ठेवावे. पुणे, सोलापूर, नाशिक, नागपूर अशा तुलनेने कोरड्या ठिकाणी काच लावू नये. काचेमागे गेलेल्या खणाचा उठाव दिसत नाही, रंगांचे बदलणे जवळजवळ थांबते, आणि काचेवर समोरच्या खिडकीचे प्रतिबिंब पडते. मुंबई, कोकण आणि गोव्यात मात्र पावसाळ्याचे चार महिने उघड्या कापडावर बुरशीचे ठिपके येऊ शकतात, तेव्हा तिथे काच स्वीकारावी लागते. अशा वेळी फ्रेमवाल्याला काच आणि कापड यांच्यामध्ये पाव इंचाची पट्टी घालायला स्पष्ट सांगावे. काच कापडाला टेकली तर आतला ओलावा तिथेच साचतो आणि काचेमुळे बुरशी टळण्याऐवजी वाढते. मागच्या बाजूला पूर्ण चिकटपट्टीने बंद केलेला कागद नको. हवा खेळण्यासाठी खाली थोडी फट ठेवलेली बरी. दमट हवेच्या गावांत खणाला खळही करू नये. खळ केलेले कापड कडक आणि ताणायला सोपे होते खरे, पण स्टार्चवर कसर येते आणि ती चौकटीच्या मागे नजरेआड वाढत राहते.

जागेविषयी थोडे. पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत टाळावी, कारण दुपारनंतरचे थेट ऊन रंग उडवते आणि त्याने रेशीमही विरते. खिडकीला काटकोनात असलेली भिंत सर्वांत चांगली, कारण तिथे उजेड बाजूने येतो आणि बुट्टीचा उठाव व रंगांची दुहेरी छटा दोन्ही दिसतात. पांढऱ्या भिंतीवर कोणताही खण चालतो. पिवळसर भिंतीवर हिरवा आणि चिंतामणी अधिक खुलतो, तर लाल आणि केशरी तिथे मंद पडतात. आकार वाढवण्याचा मोह आवरावा. अठरा इंचांहून मोठ्या चौकटीत तीच बुट्टी पुन्हा पुन्हा येत राहते आणि पाहणाऱ्याला तो भिंतीचा कागद वाटू लागतो. मोठी भिंत भरायची असेल तर लहान चौकटींचा गट करावा, त्यांत दोन इंचांचे समान अंतर ठेवावे आणि सगळ्यांचे काठ एकाच दिशेला घ्यावेत. एकाच मीटरमधल्या सहा चौकटींपेक्षा दोन-तीन रंगांच्या मिळून सहा चौकटी चांगल्या दिसतात, म्हणून शेजारणीने किंवा बहिणीने वेगळ्या रंगाचा मीटर घ्यावा आणि तुकडे वाटून घ्यावेत.

वजन इतके कमी असते की भिंतीत भोक पाडण्याची गरज नसते. एक बारीक चूक पुरते, आणि घरमालक तीही ठोकू देत नसेल तर कपाटाच्या किंवा पुस्तकांच्या फळीवर चौकट टेकवून ठेवता येते. परदेशी राहणाऱ्या मराठी माणसांना मी हेच सुचवतो, कारण चार मीटर खण बॅगेत एका साडीपेक्षा कमी जागा घेतो आणि लाकडी कॅनव्हास जगात कुठल्याही गावात मिळतो. फक्त तो तिकडच्या ठरावीक मापाचा घ्यायचा आणि कापड तिथेच कापायचे, इथून कापून नेऊ नये.

देखभाल जवळजवळ नाहीच. महिन्यातून एकदा कोरड्या मऊ ब्रशने वरून खाली धूळ झटकावी, ओल्या फडक्याने पुसू नये. पावसाळा संपल्यावर चौकटी उतरवून दिवसभर सावलीत उभ्या ठेवाव्यात. दोन-तीन वर्षांत सुती कापड किंचित सैल झाल्यास उलट बाजूने पाण्याचा फवारा मारला की ते बहुधा पुन्हा ताणले जाते. तेवढ्याने काम झाले नाही तर दोन बाजूंच्या पिना काढून पुन्हा माराव्यात.

खर्च असा येतो : यंत्रमागाच्या सुती खणाचा मीटर अडीचशे रुपये, आठ बाय दहाचे सहा कॅनव्हास सहाशे रुपये, मांजरपाट आणि पिना शंभर रुपये, म्हणजे एका चौकटीला साधारण एकशे साठ रुपये. जुन्या फ्रेमांच्या फळ्या वापरल्या तर हाच आकडा साठच्या खाली येतो. हातमागाचा खण घेतल्यास प्रत्येक चौकटीमागे तीस-चाळीस रुपयेच वाढतात, कारण खर्चाचा मोठा भाग कापडाचा नसून लाकडाचा आहे. ज्यांना पहिली चौकट जमली आहे त्यांनी दुसऱ्या खेपेला काटकसर लाकडात करावी आणि कापड हातमागाचे घ्यावे. घेताना दुकानदाराला काठ दोन्ही बाजूंना आहे का आणि आडवा धागा कशाचा आहे, हे दोन प्रश्न विचारावेत, आणि घडी उलगडून कापड दाराशी, दिवसाच्या उजेडात नेऊन पाहावे.